‘ग्रीव्हन्स’ : एका इंग्रजी शब्दाचा घटनात्मक इतिहास

असंतोष व्यक्त करणारे जे अनेक शब्द इंग्रजी भाषेत आहेत, त्यांपैकी ‘ग्रीव्हन्स’ या शब्दाचा इतिहास इतरांहून निराळा आहे. कोशकार त्याला ‘गाऱ्हाणे’, ‘तक्रार’ असे प्रतिशब्द देतात, आणि व्यवहारापुरते ते पुरेसे आहेत. तथापि, या प्रतिशब्दांमुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा शब्द इंग्लंडच्या राज्यकारभारात जवळजवळ पारिभाषिक अर्थाने वापरला जात असे. ग्रीव्हन्स मांडण्याचे ठिकाण ठरलेले होते, रीत ठरलेली होती; आणि निवारण होत नसेल तर राजाला हवा असलेला पैसा अडवून धरणे मांडणाऱ्याच्या हाती होते. पैशाशी असलेले हे नाते जेथे नव्हते किंवा पुढे तुटले, तेथे त्या शब्दाचे काय झाले, हा प्रश्न केवळ भाषाशास्त्राचा नाही.

व्युत्पत्तीपासून आरंभ करणे सोयीचे होईल. लॅटिनमध्ये ‘ग्राविस्’ म्हणजे जड. त्यावरून ‘ग्रावारे’, म्हणजे भार घालणे, हे क्रियापद झाले. त्याचे जुन्या फ्रेंचमध्ये ‘ग्रेव्हेर’ हे रूप झाले, आणि त्यापासून ‘ग्रेव्हान्स’ हे नाम निघाले. नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या न्यायालयांत आणि दरबारात फ्रेंच भाषा रुळली होती. तिच्याद्वारे हा शब्द सुमारे इ. स. 1300 पर्यंत इंग्रजीत आला. ‘ग्रीफ’ (दुःख), ‘ग्रॅव्हिटी’ (गुरुत्व) आणि ‘ॲग्रव्हेट’ (अधिक बिघडवणे) हे शब्द त्याच कुळातले. संस्कृत ‘गुरु’ (जड) आणि लॅटिन ‘ग्राविस्’ हे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत, हे तौलनिक भाषाशास्त्राने निश्चित केले आहे. म्हणजे मराठी वाचकाला या परक्या शब्दाचा गाभा तितकासा परका नाही. याच्या शेजारी ‘कम्प्लेंट’ हा शब्द ठेवून पाहावा. त्याच्या मुळाशी छाती पिटून आक्रोश करण्याचा अर्थ आहे. एका शब्दात भार सोसणाऱ्याचा आवाज आहे, दुसऱ्यात तो भारच आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ग्रीव्हन्स म्हणजे दुसऱ्याने केलेली इजा, लादलेला जाच. सोसणाऱ्याच्या मनातली नाराजी हा अर्थ फार पुढचा. या दृष्टीने त्या काळच्या अर्थाला ‘गाऱ्हाणे’ या शब्दापेक्षा ‘जाच’ हाच शब्द अधिक जवळचा आहे.

लॅटिन भाषेतच याचे एक भावंड ख्रिस्ती धर्मपीठाच्या व्यवहारात वाढले. ते म्हणजे ‘ग्राव्हामेन’, अनेकवचनी ‘ग्राव्हामिना’. रोमच्या दरबाराकडून जर्मन प्रांतांवर पडणाऱ्या आर्थिक आणि न्यायविषयक भारांच्या याद्या पंधराव्या शतकापासून या नावाने तयार होत. 1521 मध्ये वर्म्स येथील ज्या परिषदेपुढे ल्यूथर उभा राहिला, तिच्यापुढेही अशी यादी होती. 1523 मध्ये न्यूरेंबर्ग येथे शंभर कलमांची यादी तयार झाली. या याद्या करणारे सर्वच ल्यूथरचे अनुयायी नव्हते. कित्येक जण पोपचे निष्ठावंत होते, आणि निष्ठावंत असल्यामुळेच त्यांना ग्राव्हामिना मांडता येत होते. हा मुद्दा पुढे अमेरिकेच्या संदर्भात पुन्हा उपयोगी पडेल.

इंग्लंडमध्ये पहिल्या एडवर्डच्या काळापासून पार्लमेंट भरले की प्रजेचे अर्ज स्वीकारण्यासाठी आणि त्यांची छाननी करण्यासाठी माणसे नेमली जात. ज्या अन्यायावर न्यायालयात दाद मिळण्याची सोय होती, त्याचा अर्ज त्या न्यायालयाकडे पाठवला जाई. जेथे कायद्यात तशी वाट नव्हती, तेथे राजाची कृपा हाच उपाय. चौदाव्या शतकात व्यक्तींच्या अर्जांबरोबर कॉमन्स सभेचे सामुदायिक अर्जही येऊ लागले. फ्रान्सबरोबरच्या दीर्घ युद्धामुळे राजाला वारंवार कर मागावा लागे, आणि कर मागण्यासाठी पार्लमेंट बोलवावे लागे. मग आधी काय, पैसा की निवारण? 1401 मध्ये कॉमन्सनी चौथ्या हेन्रीकडे स्पष्ट मागणी केली की, करमंजुरीपूर्वी आपल्या अर्जांची उत्तरे मिळावीत. अशी वहिवाट नाही, असे सांगून राजाने ती नाकारली. नकार मिळाला तरी मागणी नोंदली गेली, आणि इंग्लंडच्या घटनात्मक इतिहासात नोंदलेली मागणी क्वचितच वाया जाते. ‘ग्रीव्हन्स आधी, सप्लाय नंतर’, म्हणजे प्रथम जाचाचे निवारण आणि मग द्रव्यमंजुरी, या सूत्राचे मूळ येथे आहे.

या सूत्राला धार आली ती सतराव्या शतकात. 1606 मध्ये जॉन बेट या व्यापाऱ्याने पूर्व भूमध्य समुद्राच्या बाजूने आणलेल्या बेदाण्यांवरील जकात देण्याचे नाकारले. ती पार्लमेंटच्या संमतीवाचून बसवलेली होती. न्यायालयाने राजाच्या बाजूने निर्णय दिला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. परंतु 1610 मध्ये कॉमन्सनी पहिल्या जेम्सपुढे ज्या ग्रीव्हन्सची यादी ठेवली, तीत याच जकातींना प्रमुख स्थान होते. येथे या शब्दाचे खरे सामर्थ्य दिसते. न्यायालयाने जे वैध ठरवले तेही जाचक असू शकते, आणि ते जाचक आहे हे म्हणण्याचा अधिकार न्यायालयाच्या निर्णयाने नष्ट होत नाही. त्याच वर्षी राजाचे काही सरंजामी हक्क सोडवून घेऊन त्या बदल्यात त्याला दरसाल 2,00,000 पौंड देण्याचा ‘महाकरार’ वाटाघाटीत होता, तो फिसकटला. जाचाची किंमत इतक्या उघडपणे आकड्यात मांडण्याचा असा दुसरा प्रयत्न सापडणे कठीण.

1621 मध्ये ग्रीव्हन्सचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद सर एडवर्ड कोक यांच्याकडे आले. एके काळचा हा सरन्यायाधीश पदच्युत होऊन कॉमन्समध्ये बसला होता. मक्तेदारीच्या सनदांविरुद्ध तेव्हा जी मोहीम झाली, तिचे फळ 1624 च्या मक्तेदारीविषयक कायद्यात दिसते. पुढे 1628 मध्ये सक्तीचे कर्ज, कारण न दाखवता कैद, लोकांच्या घरी सैनिकांचा मुक्काम आणि लष्करी कायदा या चार बाबी पहिल्या चार्ल्सपुढे मांडताना मात्र सभेने ‘पिटिशन ऑफ राइट’ ही संज्ञा हेतुपूर्वक घेतली. येथे मागणे कृपेचे नव्हते. जे आधीपासून आपलेच आहे त्याची मान्यता हवी होती. राजाने संमती दिली, आणि सभेने त्याला पाच ‘सब्सिडी’, म्हणजे विशेष करांचे पाच हप्ते, मंजूर केले. हक्काची भाषा वापरली गेली, पण सौदा जुनाच होता.

1629 नंतर अकरा वर्षे पार्लमेंट भरले नाही. या अवधीत ग्रीव्हन्स नाहीसे झाले नव्हते. ते मांडण्याचे ठिकाण नाहीसे झाले होते. स्कॉटलंडशी युद्धाचा प्रसंग आल्यामुळे 13 एप्रिल 1640 रोजी पार्लमेंट भरले, तेव्हा 17 एप्रिलच्या दीर्घ भाषणात जॉन पिम याने अकरा वर्षांचे साचलेले सर्व जाच एका माळेत गुंफले. राजाचे म्हणणे आधी पैसा; सभेचे म्हणणे आधी निवारण. नौकाकर सोडून देण्याच्या बदल्यात बारा सब्सिडी अशी मागणी राजाकडून आली. तडजोड झाली नाही आणि 5 मे रोजी पार्लमेंट विसर्जित झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात चार्ल्सला पुन्हा पार्लमेंट बोलवावे लागले. त्या पार्लमेंटने 1641 मध्ये नौकाकर बेकायदा ठरवला, स्टार चेंबर हे न्यायासन मोडीत काढले, आणि नोव्हेंबरात दोनशेहून अधिक कलमांचे ‘महानिवेदन’ 148 विरुद्ध 159 मतांनी संमत केले. ही अकरा मतांची आघाडी अर्थपूर्ण आहे. जाचांची यादी करण्याबाबत सभेत फारसे दुमत नव्हते. परंतु ती यादी राजाकडे न्यायची की ती छापून जनतेपुढे ठेवायची, यावर सभा दुभंगली. राजाला वगळून मांडलेले ग्रीव्हन्स हे ग्रीव्हन्स राहते काय, अशी शंका विरोधकांच्या मनात असावी.

या शब्दाची सर्वांत काटेकोर व्याख्या इंग्लंडमध्ये झाली नाही. ती एडिंबरोत झाली. 1689 मध्ये स्कॉटलंडच्या प्रतिनिधिसभेने दोन स्वतंत्र लेख मंजूर केले. 11 एप्रिलच्या ‘हक्कांच्या मागणी’त सातव्या जेम्सची बेकायदा कृत्ये होती. 13 एप्रिलच्या ‘ग्रीव्हन्सच्या कलमां’त अशा गोष्टी होत्या, की ज्या कायद्यात बसत होत्या आणि तरीही राष्ट्राला जाचक होत्या. स्कॉटिश पार्लमेंटपुढे कोणता विषय यावा हे ठरवणारी जी समिती राजाच्या तंत्राने चाले, ती यांपैकी मुख्य. 1690 मध्ये ती रद्द झाली. हक्कभंग निराळा आणि ग्रीव्हन्स निराळे: पहिल्याला घोषणा पुरते, दुसऱ्याला कायदा बदलावा लागतो. याच वर्षीच्या इंग्लिश हक्कनाम्यात हा भेद इतका स्वच्छ नाही. तेथे अर्ज करण्याचा हक्क मान्य केला आहे आणि जाचांच्या निवारणासाठी पार्लमेंट वरचेवर भरले पाहिजे, असे म्हटले आहे.

अमेरिकेतील वसाहतींनी हा वारसा संपूर्ण उचलला. तेथील विधिमंडळे गव्हर्नरचा पगार अडवून ठेवीत, म्हणजे जुने सूत्र लहान प्रमाणावर चालूच होते. 1765 मध्ये मुद्रांक कायद्याविरुद्ध नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्क येथे जमले, तेव्हा त्यांच्या जाहीरनाम्याच्या नावात हक्क आणि ग्रीव्हन्स हे दोन्ही शब्द होते. पुढच्या वर्षी तो कायदा मागे घेतला गेला. परंतु लंडनचे पार्लमेंट परस्पर कर बसवू लागले की वसाहतींच्या हातून सप्लायचे शस्त्र गळून पडते, हे त्या वादाचे मर्म होते. 1775 मधील त्यांचा अखेरचा विनम्र अर्ज तिसऱ्या जॉर्जने स्वीकारला नाही. 1776 च्या स्वातंत्र्याच्या घोषणेत राजाविरुद्ध दोषारोपांची लांब यादी आहे, आणि इतिहासकार तिला सर्रास ग्रीव्हन्सची यादी म्हणतात. त्या मसुद्यात मात्र हा शब्द एकदाही आलेला नाही. तेथे इजा, बळकावणी, जुलूम हे शब्द आहेत. ज्याच्याकडे दाद मागायची तोच उरला नाही, तेव्हा ग्रीव्हन्सही उरत नाही. नवे सरकार स्थिरावल्यावर, 1791 च्या पहिल्या घटनादुरुस्तीत, तो शब्द परत येतो.

हिंदुस्थानात या शब्दाचा प्रवेश झाला तो सप्लायवाचून. 1852 मध्ये नाना शंकरशेट प्रभृतींनी स्थापन केलेल्या बॉम्बे असोसिएशनने कंपनीच्या सनदेची मुदत संपत आल्याचे पाहून पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. युक्तिवाद इंग्लिश परंपरेतले होते. परंतु अर्जदारांना अडवून धरता येईल असे काहीही नव्हते. 1892 च्या कायद्याने कौन्सिलांत अंदाजपत्रकावर चर्चा करता येऊ लागली, मतदान करता येईना. अशा अवस्थेत उरले ते लोकमतापुढे मांडणे. 1896 च्या ऑगस्टमध्ये मोहनदास गांधी यांनी दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या जाचांविषयी राजकोट येथे जी हिरव्या वेष्टनाची पुस्तिका छापली, तिच्या नावातच ‘ग्रीव्हन्सेस’ हा शब्द होता. दहा हजार प्रती निघाल्या. मुंबईत फिरोजशहा मेहतांच्या, पुण्यात टिळक, गोखले आणि भांडारकर यांच्या भेटी झाल्या. पुस्तिकेची भाषा संयमाची होती, पण तिचा विपर्यस्त सारांश तारेने नाताळमध्ये पोहोचला आणि जानेवारी 1897 मध्ये डर्बन येथे गोऱ्या जमावाने गांधींवर हल्ला केला. अर्ज ऐकला जाण्यापूर्वीच अर्जदाराला मार बसला.

जुने सूत्र त्याच्या मूळ रूपात भारतात अवतरले ते 1924 मध्ये. 1919 च्या कायद्याने केंद्रीय विधिमंडळाला काही मागण्यांवर मत देण्याचा अधिकार मिळाला होता. मोतीलाल नेहरूंच्या नेतृत्वाखालील स्वराज्य पक्षाने इतर गटांच्या साह्याने मार्चमध्ये अंदाजपत्रकातील पहिल्या चार मागण्या फेटाळल्या आणि वित्तविधेयकही मांडू दिले नाही. समर्थन देताना ‘ग्रीव्हन्स आधी, सप्लाय नंतर’ हीच परंपरा पुढे केली गेली. नागपूरच्या कौन्सिलात बहुमत असलेल्या त्याच पक्षाने मंत्र्यांचे पगार नाममात्र करून टाकले. लॉर्ड रीडिंग यांनी विशेषाधिकार वापरून केंद्रातील मंजुरी भरून काढली. ज्या देशात हे सूत्र जन्मले, तेथील राजाला 1640 मध्ये असा अधिकार असता, तर पार्लमेंट बोलवण्याचे त्याला कारणच पडले नसते!

मराठीत ‘ग्रीव्हन्स’ला प्रतिशब्द मुबलक आहेत, पण प्रत्येकाची कळ वेगळी. ‘तक्रार’ मूळ अरबीत पुनरुक्ती दाखवते, ‘फिर्याद’ फारसीतली हाक आहे, ‘गाऱ्हाणे’ संस्कृत ‘गर्ह्’ या निंदार्थक धातूकडे जाते. कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेपुढे ‘गाऱ्हाणे घालतात’, तेव्हा त्या शब्दात निंदा नसून प्रार्थना असते. ऐकणारा समर्थ आहे आणि ऐकणे त्याचे कर्तव्य आहे, ही श्रद्धा असते. इंग्लिश शब्दाच्या मध्ययुगीन अर्थाशी हा प्रयोग सर्वांत जुळतो. कारखान्यांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या व्यवहारात मात्र ‘तक्रार निवारण’ हाच जोडशब्द रूढ झाला.

खुद्द इंग्लंडमध्ये मंत्रिमंडळाला कॉमन्समध्ये बहुमत असणे हा नियमच झाल्यावर पैसा अडवण्याची धमकी पोकळ झाली. 1896 मध्ये बाल्फर यांनी सप्लायसाठी ठराविक दिवस मुक्रर केले. 1982 मध्ये ते विरोधी पक्षाचे दिवस म्हणून उघडच ओळखले जाऊ लागले. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहात ‘ग्रीव्हन्स डिबेट’ या नावाची चर्चा अद्याप होते. आणि लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत कपात सूचनेचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतील एकात मागणीची रक्कम 100 रुपयांनी कमी करावी असे सुचवले जाते. उद्देश, नियमाच्याच शब्दांत, विशिष्ट ‘ग्रीव्हन्स’ला वाचा फोडणे. सूचना क्वचितच संमत होते. तरीही सभासदाला आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी आधी सरकारच्या खर्चातून 100 रुपये कापावे, असा प्रस्ताव लेखी द्यावा लागतो.