ट्राऊट आमच्या पऱ्यात का नाही?

मागच्या मे महिन्यात आरे-वारेच्या खाडीवर गरी टाकून बसलो होतो. माझा रॉड ऑनलाइन मागवलेला, चकचकीत. शेजारच्या काकांच्या हातात नुसती तंगूस आणि कोलंबीचे तुकडे. त्यांच्या पिशवीत दोन काळुंदर आणि एक तांबोशी, माझ्या पिशवीत पाण्याची बाटली. तेवढ्यात ऑफिसातल्या मित्राचा काश्मीरहून फोटो आला. मागे बर्फाचे डोंगर, हातात ठिपक्यांचा ट्राऊट. काकांना दाखवून विचारलं, "हा आपल्याकडे का नाही मिळत?"

"थंडीतला मासा तो. इथे शिजेल," काका म्हणाले.

काकांचं बरोबर होतं. ट्राऊटला साधारण 20 अंशांखालचं, वाहतं पाणी लागतं. पाणी जितकं गार तितका त्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, आणि या माशाची ऑक्सिजनची भूक मोठी. रत्नागिरीच्या उन्हात तो एक दुपारही काढणार नाही.

पण घरी येऊन वाचायला लागलो तेव्हा कळलं, ट्राऊट काश्मीरचाही नाही. तो इंग्रजांनी आणला. 1899 मध्ये ब्रिटनहून निघालेली पहिली खेप वाटेतच मेली. 1900 मध्ये दुसरी पोचली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल नावाच्या माणसाने ते मासे वाढवले, मग हारवानला उबवणी केंद्र झालं. दक्षिणेत निलगिरीतही 1860च्या दशकापासून प्रयत्न चालले होते, यश यायला विसावं शतक उजाडलं. फ्रीज नसलेल्या काळात जहाजातून हजारो मैल थंडावा टिकवायचा, तोही घरच्यासारखी मासेमारी करता यावी म्हणून! हौसेला मोल नसतं ते असं.

निलगिरीत सुरुवातीचा प्रयत्न करणाऱ्यांत फ्रान्सिस डे हा डॉक्टर होता. त्यानेच 1873 मध्ये हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्याच्या माशांवर सरकारला अहवाल दिला. बारीक जाळी, सापळे, पाण्यात विष कालवणं, सगळं त्यात आहे. पुढे 1897 चा मत्स्य कायदा आला. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष, चुना टाकून मासे मारणं गुन्हा ठरला. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड.

हे वाचताना मी थांबलो. कारण मी हा गुन्हा केलाय.

आमच्या गावच्या पऱ्यात पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात. अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात, पोटं गाबोळीने टम्म. आजोबांच्या काळी ते हाताने, टोपलीने धरायचे. मी दहाएक वर्षांचा असताना मोठ्या मुलांनी डोहात ब्लीचिंग पावडर टाकली. पिशवी धरायला मी होतो. अर्ध्या तासात सगळं पांढरं होऊन वर आलं. बोटाएवढी पिल्लं, खेकडे, बेडूक. खाण्याजोगे मासे घमेलंभर निघाले, बाकीचं वाहून गेलं. त्या डोहात पुढची काही वर्षं मी मासा पाहिला नाही.

म्हणजे परका ट्राऊट आणून जपला गेला. आजही तिथे परवाना काढावा लागतो, दिवसाला किती मासे न्यायचे यावर मर्यादा असते. आणि घरचा मासा?

त्यालाही जपणारे होते. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले महसीर वरदायिनी देवीचे, म्हणून कुणी धरत नाही. लोक उलट त्यांना खायला घालतात. तिथे पहारेकरी लागत नाही, देवीचा धाक पुरतो. दुसरं उदाहरण लोणावळ्याचं. धरणांमुळे आणि बेसुमार मासेमारीमुळे महसीर कमी होत चालला, तेव्हा 1970च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी त्याची कृत्रिम पैदास केली. महसीरची अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने लांब पाठवता येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. इंग्रजांनी ट्राऊटसाठी जो खटाटोप केला, तोच या दोघांनी आपल्या माशासाठी केला.

आमच्या पऱ्यात महसीर नाही. तिथे मळ्याचे, दांडवणाचे साधे मासे. त्यांच्यासाठी कुणी विमान पाठवणार नाही, देवीही बसवणार नाही. यंदा पावसाआधी मी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: ब्लीचिंग टाकू नका, कायद्याने गुन्हा आहे, आणि एकदा मीही केलाय. तीन अंगठे आले. एकाने लिहिलं, "पुण्यात बसून सांगायला काय जातंय?"

त्याचंही चूक नाही. म्हणून जूनच्या पहिल्या पावसाला रजा टाकली आहे. डोहावर जाऊन बसणार आहे. रॉड नेणार नाही.