निळी बोटं

मंडळी, गेल्या हिवाळ्यात सर्दी-खोकल्याने मला चांगलंच लोळवलं. चार दिवस ताप, आणि घसा असा धरलेला की शेजाऱ्याला ‘गुटेन मॉर्गन’ म्हणायचीही चोरी. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी घसा बघितला, छाती तपासली आणि निकाल दिला: चहा प्या, झोपा, तीन दिवस कामावर जाऊ नका. औषध? काही नाही. ‘हा विषाणू आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही.’ झालं!

घरी येऊन मी डबा काढला. परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात असा एक डबा असतो. बहुतेक वेळा श्रीखंडाचा रिकामा. त्यात क्रोसिन, हिंगाष्टक, अमृतांजन, आणि तळाशी आईने ‘असू दे, लागतं’ म्हणून कोंबलेली अँटिबायोटिकची दोन पाकिटं. त्यातलं एक हातात घेतलं. गोळी फोडणार, तेवढ्यात माझं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. ती निळी होती.

बोटं निळी का, ते सांगतो. मी ज्या सच्छिद्र पदार्थांवर संशोधन करतो, ते किती शोषून घेतात हे तपासायला मिथिलीन ब्लू नावाचा रंग वापरतात. हातमोजे घातले तरी हा रंग कुठून तरी आत शिरतोच, आणि साबणाला तर अजिबात भीक घालत नाही. गंमत अशी, की हा रंग जन्मला तो इथेच, माझ्या खिडकीतून ज्याची धुरांडी दिसतात त्या कारखान्यात. जंतू औषधांना कसे पुरून उरतात, या गोष्टीची सुरुवातही याच रंगापासून होते.

रंगाचा कारखाना

१८६५ साली ऱ्हाइनच्या पलीकडे, मानहाइम शहरात एक कंपनी निघाली. नाव ‘बाडिशे अनिलिन उंड सोडा फाब्रिक’, म्हणजे आजची बीएएसएफ. पलीकडे जागेचं काही जमलं नाही, म्हणून कारखाना नदीच्या अलीकडे लुडविग्सहाफेनला आला. तेव्हा मानहाइम बाडेन राज्यात आणि लुडविग्सहाफेन बव्हेरियाच्या ताब्यात. म्हणजे नाव बाडेनचं आणि कारखाना भलत्याच राज्यात! दगडी कोळशाच्या डांबरापासून रंग बनवायचे, हा धंदा. १८९७ साली यांनीच कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडच्या निळीच्या व्यापाराची वाट लावली. पण तो वेगळ्या लेखाचा विषय. असो.

१८७६ साली इथल्या हाइनरिश कारो या रसायनशास्त्रज्ञाने मिथिलीन ब्लू बनवला. हेतू अर्थातच कापड रंगवायचा. पण या रंगाकडे डॉक्टर मंडळींचं लक्ष गेलं, कारण तो पेशींच्या काही भागांना चिकटतो आणि काहींना नाही. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जगाला दाखवला, तेव्हा तो दिसावा म्हणून त्याने हाच रंग वापरला होता. (हाच कॉख पुढे १८९७ साली प्लेगचा अभ्यास करायला मुंबईला येऊन गेला.)

पॉल एर्लिश नावाचा तरुण डॉक्टर तर रंगांनी झपाटलेलाच होता. त्याचं म्हणणं साधं होतं. रंग जर जंतूलाच चिकटतो आणि माणसाच्या पेशीला नाही, तर जंतूलाच मारेल आणि माणसाला सोडेल असा रंग का मिळू नये? १८९१ साली त्याने बर्लिनमध्ये हिवतापाच्या दोन रुग्णांना चक्क मिथिलीन ब्लू दिला, आणि ते बरे झाले. प्रयोगशाळेत बनवलेल्या रसायनाने रोगजंतू मारायचा हा पहिलावहिला प्रयत्न. म्हणजे माझ्या बोटांवरचा डाग हा आधुनिक औषधांचा पणजोबा म्हणायला हरकत नाही.

उंदीर, रंग आणि पहिला झटका

इथून साधारण ८० किलोमीटरवर फ्रँकफुर्ट आहे. पुढे एर्लिशची प्रयोगशाळा तिथे होती. तिथे तो आणि त्याचे सहकारी उंदरांना ट्रायपॅनोसोम नावाचे परजीवी टोचायचे (आफ्रिकेतल्या ‘झोपेच्या आजारा’चे जंतू याच जातीचे) आणि मग एकेक रंग देऊन बघायचे. कियोशी शिगा या जपानी सहकाऱ्याबरोबर त्याने १९०४ साली ‘ट्रायपॅन रेड’ हा रंग शोधला. हे शिगा नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

फुक्सिनच्या घराण्यातला एक लाल रंगही त्यांनी वापरून पाहिला. उंदीर बरे व्हायचे. काही दिवसांनी परजीवी परत दिसायचे. परत रंग, परत बरे. असं तीन-चार वेळा झालं, की मात्र रंगाचा काहीही परिणाम होईना. तेच परजीवी दुसऱ्या, धडधाकट उंदरात टोचले, ज्याने औषध कधी पाहिलंही नव्हतं, तरी तिथेही ते दाद देईनात. म्हणजे उंदराला औषधाची सवय झाली नव्हती, परजीवी बदलले होते, आणि तो बदल त्यांच्या पोराबाळांकडे जात होता. दुसऱ्या जातीचं औषध दिलं, तर मात्र ते मरायचे.

हे एर्लिशने १९०७ साली जाहीर केलं. हे साल नीट बघा. पेनिसिलिन सापडायला अजून २१ वर्षं होती. उपदंशावरचं एर्लिशचं प्रसिद्ध सालव्हर्सानसुद्धा अजून यायचं होतं. म्हणजे औषधांच्या शास्त्राचा नामकरण विधी होतोय न होतोय, तोच औषधांना दाद न देणारे जंतू पाळण्याशी येऊन बसले होते. आपण समजतो की ‘हल्ली’ जंतू चिवट झालेत. हल्ली कसले? पहिल्या दिवसापासून.

एर्लिशने उपायही सांगून ठेवला. १९१३ साली लंडनच्या परिषदेत त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, पहिला घाव जोरात आणि लवकर घाला, अर्धवट मात्रेने जंतूला गोंजारू नका. दुसरी, जंतूवर वेगवेगळ्या जागी हल्ला करणारी औषधं एकत्र द्या. या दोन वाक्यांच्या पलीकडे आपण आजही फारसे गेलेलो नाही.

शिकतात की असतातच?

यानंतरचा इतिहास म्हणजे तोच खेळ पुन:पुन्हा. १९२५ साली बीएएसएफ, बायर, होएख्स्ट वगैरे मिळून आय.जी. फार्बेन हा अवाढव्य समूह झाला. (पुढे याच समूहाने आउश्वित्झजवळ कारखाना काढला आणि तिथे हजारो कैदी राबून मेले. या शहराचा इतिहास सांगताना ते गाळून चालत नाही.) त्याच समूहाच्या एल्बरफेल्डच्या प्रयोगशाळेत गेरहार्ड डोमाकने प्रॉन्टोसिल या लाल रंगाचा गुण शोधला आणि १९३५ साली प्रसिद्ध केला. ही पहिली सल्फा. स्वत:च्या मुलीचा जंतुसंसर्गाने सडत चाललेला हात त्याने याच औषधाने वाचवला. पण दहा वर्षांच्या आत गनोरियाचे जंतू सल्फाला जुमानेनासे झाले. पेनिसिलिनचं तर त्याहून पुढचं. ते तोडून टाकणारं जंतूंचं विकर एब्रहॅम आणि चेन यांनी १९४० सालीच नोंदवलं, पहिल्या रुग्णावर नीट उपचार व्हायच्या आधी!

पण जंतूंना हे जमतं कसं? ते औषध चाखून शिकतात का? १९४३ साली साल्वाडोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक या दोघांनी याचं उत्तर दिलं. दोघंही युरोप सोडून अमेरिकेत आलेले. लुरियाला कल्पना सुचली ती जुगाराच्या यंत्रावर एका सहकाऱ्याला खेळताना बघून. बराच वेळ काही नाही आणि मग एकदम खुळखुळाट. त्यांनी अनेक वेगवेगळ्या नळ्यांत जंतू वाढवले आणि मग त्यांच्यावर जंतुभक्षक विषाणू सोडले. जंतू जर मारेकरी आल्यावर शिकत असते, तर प्रत्येक नळीत साधारण सारखेच वाचले असते. प्रत्यक्षात बहुतेक नळ्यांत थोडेच किंवा एकही नाही, आणि एखाद्या नळीत भरमसाट. म्हणजे वाचणारे आधीपासूनच होते, निव्वळ नशिबाने झालेल्या बदलामुळे. मारेकऱ्याने त्यांना घडवलं नाही, फक्त बाकीच्यांना मारून त्यांना रान मोकळं करून दिलं. अँटिबायोटिकचंही तसंच आहे. शेतात तणनाशक मारलं, की जे तण त्याने मरत नाही तेच पुढच्या वर्षी सगळं शेत व्यापतं ना, तसं.

आता शिगा. १८९७ साली त्याने आमांशाचा जो जंतू शोधला, त्याला त्याच्यावरूनच ‘शिगेला’ म्हणतात. १९५९ साली जपानमध्येच दिसून आलं, की शिगेला आणि आपल्या आतड्यातले साधे जंतू एकमेकांना अनेक औषधांविरुद्धचा प्रतिकार एकदम देऊ शकतात, शेजारीण वाटीभर विरजण देते तसा. हा प्रतिकार डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतो, आणि त्या कड्या या जंतूकडून त्या जंतूकडे जातात. म्हणून मी माझ्या सर्दीसाठी उगाच गोळी घेतली, तर सर्दीच्या विषाणूला काहीच होत नाही. पोटातले जे जंतू टिकतात, ते मात्र पुढे वाटत सुटतात.

पिंपरी

आता घरचं. मी पिंपरीचा. आमच्याकडे ‘एचए कंपनी’ म्हटलं की कोणीही रस्ता दाखवील. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ साली स्थापन झालेली, देशात पेनिसिलिन बनवणारी पहिली सरकारी कंपनी. या कंपनीच्या सावलीत राहणाऱ्या माझ्या आत्याला २००५ साली क्षय झाला.

सरकारी दवाखान्यात औषध फुकट होतं. पण शेजारीपाजारी कळेल म्हणून आत्या खासगी डॉक्टरांकडे गेली. औषधं आणायचं काम माझं. तिसऱ्या महिन्यात तिचा खोकला थांबला, वजन वाढलं. एक दिवस मी चिठ्ठी मागायला गेलो, तर म्हणाली, “बरं वाटतंय रे आता. कशाला उगाच? हे पैसे तुझ्या क्लासच्या फीला दे.” मी दिले. घरी बोललो नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, कारण फी थकली होती.

तिला जे माहीत नव्हतं, ते १९४८ साली छापून आलं होतं. ब्रिटनमध्ये क्षयाच्या रुग्णांना एकटं स्ट्रेप्टोमायसिन देऊन पाहिलं. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, न मिळालेल्या ५२ पैकी १४. चमत्कारच! पण तपासलेल्या ४१ रुग्णांपैकी ३५ जणांचे जंतू तोवर औषधाला दाद देईनासे झाले होते, आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांतल्या मृतांचे आकडे जवळजवळ सारखे झाले, ३२ आणि ३५. म्हणून मग औषधं एकत्र द्यायला लागले. हिशेब असा: आयसोनियाझिडला न जुमानणारा क्षयजंतू साधारण दहा लाखांत एक, रिफॅम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. छातीतल्या एका पोकळीत कोटींनी जंतू असतात, त्यामुळे एकेका औषधाला चुकवणारा कोणीतरी सापडतोच. पण दोन्हींना एकदम चुकवणारा म्हणजे एकावर चौदा शून्यं इतक्यांत एक. इंजिनियरला हे लगेच पटतं: विमानाला दोन इंजिनं का असतात? मात्र ही दोन्ही इंजिनं शेवटपर्यंत चालू राहायला हवीत. संथपणे वाढणारे जंतू मरायला महिने लागतात. खोकला मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतो. गोम आहे ती इथे.

२००८ साली आत्याचा क्षय परतला, तो मुख्य औषधांना न जुमानणारा होऊन. मग दोन वर्षं उपचार, त्यात कित्येक महिने रोज कॅनामायसिनचं इंजेक्शन. आत्या वाचली. पण कॅनामायसिनने तिचे कान गेले. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की हे इंजेक्शन आता वापरू नका. २०२४ साली भारताने अशा क्षयासाठी सहा महिन्यांच्या, नुसत्या गोळ्यांच्या उपचाराला मंजुरी दिली. आत्याला त्याचा उपयोग नाही. मी व्हिडिओवर फोन करतो, तेव्हा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॅमेऱ्यासमोर धरतो. ती तोंडाने उत्तर देते, जरा जास्तच मोठ्याने.

इथे एक खुलासा. ‘कोर्स पुरा करा’ हे प्रत्येक आजाराला सारखंच लागू नाही. कित्येक साध्या संसर्गांत कमी दिवसांचे उपचारही तेवढेच चालतात, असं आता दिसून आलंय. क्षयात मात्र सूट नाही. थोडक्यात, किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचं, आपल्याला वाटणाऱ्या बरेपणाने नाही. आणि दुकानदाराने तर नाहीच. २०१४ पासून आपल्याकडे ‘एच-१’ यादीतली अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कायदा आहे, पाळायचा की नाही, हे काउंटरच्या दोन्ही बाजूंच्या माणसांवर आहे. २०१९ या एका वर्षात जगभरात अंदाजे १२ लाख ७० हजार माणसं औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे गेली. हे कुठल्या दूरच्या देशात घडत नाही.

एक गोष्ट मला अगदी अलीकडे कळली. क्षयाची थुंकी तपासताना काचेवर दोन रंग घालतात. फुक्सिनने जंतू लाल दिसतात, आणि मागची जमीन निळी व्हावी म्हणून मिथिलीन ब्लू. म्हणजे पिंपरीत आत्याची काच तपासली, तेव्हा त्या निळ्या जमिनीवर लाल दांड्या दिसल्या असणार. निळा कारोचा, आणि लाल त्याच घराण्यातला, ज्याने एर्लिशला पहिला इशारा दिला होता. शंभर वर्षांपूर्वीचं सगळं शहाणपण त्या काचेवर होतं. फीचे पैसे मोजणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं, एवढंच.

तर मंडळी, ते पाकीट मी डब्यात परत ठेवलं नाही. आल्याचा चहा केला, तीन दिवस झोपलो, पाचव्या दिवशी ठणठणीत. पाकिटं कामाच्या ठिकाणी नेऊन रासायनिक कचऱ्यात दिली. आईला अजून सांगितलेलं नाही. आत्याला मात्र कागदावर लिहून दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि ओरडून म्हणाली, “शहाणा झालास की रे!”

बोटं अजून निळीच आहेत.