पतीची वही

वाण्याकडे आपलें खातें असलें, तर आपण हवें तेव्हां जाऊन तें उघडून पाहूं शकतों. आज ज्या वहीविषयीं बोलावयाचें आहे ती निराळी. तींत नांव आपलें असतें, परंतु ती आपल्यासाठीं लिहिलेली नसते. उसने मागावयास आलेल्या माणसाची पत काय, हें सावकाराला कळावें म्हणून तिऱ्हाइतानें ठेवलेली अशी ती वही आहे.

१८३७ च्या आर्थिक अरिष्टांत न्यूयॉर्कमधील टॅपन बंधूंची रेशमाची मोठी पेढी कोलमडली. उधारीवर माल नेणारे गांवोगांवचे दुकानदार पैसे देईनात. धाकटा बंधु लुईस टॅपन यानें मग त्या कडू अनुभवाचाच धंदा केला. १८४१ सालीं त्यानें ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. दूरदूरचे वकील तिला आपापल्या गांवच्या व्यापाऱ्यांची हकीकत लिहून धाडीत : भांडवल किती, वर्तन कसें, दारूचा नाद आहे काय. वर्गणीदार व्यापारी कचेरींत येई आणि कारकून त्याला जाड वहींतील उतारा वाचून दाखवी. ज्याचा उतारा असे, त्याला मात्र त्याची वार्ताही नसे.

ओहायो प्रांतांतील बिअर्डस्ली नांवाच्या व्यापाऱ्याला या वहीनें काय भोगावयास लावलें, तें ऐकण्यासारखें आहे. १८४८ च्या सुमारास त्याच्या उताऱ्यांत नोंद झाली कीं, त्याची पत्नी घटस्फोट मागणार आहे, पोटगी द्यावी लागेल आणि दुकान बंद पडेल. घरांतील एक कुजबूज वहींत शिरली आणि तिची पत झाली ! बिअर्डस्लीनें टॅपनवर अब्रूनुकसानीचा दावा लावला. ही बातमी कोणी धाडली हें सांगण्याचें टॅपनच्या भागीदारानें साफ नाकारलें आणि त्यापायीं तुरुंग पत्करला. ज्यूरीनें १८५१ सालीं बिअर्डस्लीला दहा हजार डॉलर देवविले. परंतु वरिष्ठ न्यायालयानें १८७० सालीं पुराव्याच्या मुद्द्यावर तो निकाल फिरविला. इतकीं वर्षें भांडूनही हातीं काय आलें, असा प्रश्न त्या व्यापाऱ्याला पडला असल्यास नवल नाहीं.

१८९९ सालीं अटलांटा शहरांत ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ निघाली आणि व्यापाऱ्यांबरोबर साधे गृहस्थही वहींत आले. शेजाऱ्यांना विचारून गोळा केलेल्या गोष्टी त्या कागदांत जमत गेल्या. संगणक आला तेव्हां लोक घाबरले, आणि १९७० च्या कायद्यानें प्रथमच माणसाला आपल्या नोंदीचा आशय जाणण्याचा व चूक असेल तर हरकत घेण्याचा हक्क मिळाला. टॅपनच्या वहीपासून मोजलें तर या गोष्टीला १२९ वर्षें लागलीं.

स्त्रियांची कथा याहून विचित्र. मराठींत ‘पतीची’ हा शब्द नवऱ्याचा कीं लौकिकाचा, हें संदर्भावरून ओळखावें लागतें; अमेरिकेंतील बँका तर हा भेद मानीतच नसत. लग्न होतांच स्त्रीचा व्यवहार नवऱ्याच्या नांवें लिहिला जाई. वीस वर्षें हप्ते बिनचूक भरणारी गृहिणी विधवा झाली किंवा विभक्त झाली, कीं तिची वही कोरी ! १९७४ च्या कायद्यानें असा भेदभाव निषिद्ध ठरविला, आणि १९७७ पासून पतिपत्नींच्या सामाईक खात्याची नोंद दोघांच्याही नांवें करणें भाग पडलें.

आतां तोतयाकडे वळूं. पानिपतानंतर भाऊसाहेब म्हणून मिरवणाऱ्या आपल्याकडील तोतयाला निदान चेहरा घेऊन लोकांपुढें उभें राहावें लागलें. भाऊसाहेबांना ओळखणारीं माणसें जिवंत होतीं, चौकशी झाली आणि १७७६ सालीं त्याचा अंत झाला. आजच्या तोतयाला चेहरा लागत नाहीं. नांव, जन्मतारीख आणि एखादा सरकारी क्रमांक पुरतो. कर्ज तो काढतो आणि थकबाकी आपल्या वहींत लिहिली जाते. अमेरिकेनें १९९८ सालीं अशी ओळखचोरी स्वतंत्र गुन्हा ठरविली, आणि २००३ च्या कायद्यानें प्रत्येकाला वर्षाकांठीं आपला अहवाल विनामूल्य मागण्याची सोय केली. पण वहीचा पहारेकरीच झोपला तर ? अटलांटाच्या त्याच जुन्या कंपनीनें १९७५ सालीं ‘इक्विफॅक्स’ असें नांव घेतलें होतें. २०१७ सालीं तिच्या दप्तरांतून सुमारें १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. त्यांपैकीं पुष्कळांनीं त्या कंपनीशीं स्वतः होऊन कधीं व्यवहारही केला नव्हता. पुढच्याच वर्षीं, आपल्या वहीला कुलूप घालण्याचा अधिकार तेथील लोकांना फुकट मिळाला.

आपल्याकडे ही वही उशिरां आली. मुंबईंत २००० सालीं ‘सिबिल’ स्थापन झाली व २००५ सालीं पतमाहितीचा कायदा झाला. २०१७ पासून अशा प्रत्येक कंपनीकडून वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानें, कोणी आपला अहवाल पाहिला तर तसा निरोप आपल्याला धाडणें कंपन्यांवर बंधनकारक झालें. आणि तक्रारीचा निकाल तीस दिवसांत न लागल्यास दर दिवसाला शंभर रुपये भरपाई ठरली. अहवाल हातीं आला, कीं आपण न काढलेलें कर्ज, अनोळखी पत्ता आणि आपण न सांगतां झालेली विचारणा, या तीन जागा प्रथम पाहाव्या. दुसऱ्याच्याच पॅन क्रमांकावर कर्ज उचलल्याच्या तक्रारी आपल्याकडेही झाल्या आहेत, आणि त्या बहुधा अशाच रीतीनें उघडकीस येतात.

लग्न, घटस्फोट, बिऱ्हाडबदल या वेळीं हा अहवाल मागवावाच; कारण नांव अगर पत्ता बदलला, कीं जुन्या पत्त्यावर जाणारीं पत्रें दुसऱ्याच्या हातीं पडतात आणि सामाईक कर्जाचा हप्ता कोणी भरावयाचा यावरून नोंद बिघडते. घरांत कोणी वारलें तर वही आपोआप मिटत नाहीं. मृत्यूचा दाखला घेऊन बँकेंत व पतकंपनीकडे कोणीतरी जावें लागतें, आणि त्या दिवसांत घरांतील कोणाला तें सुचेल, हें आधींच ठरविलेलें बरें.