कर्नल, रुमाल आणि डर्टी काऊ

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं ही आपली खास कला. मंडळी, हसू नका, कॉम्प्युटरवाले ह्यालाच लॉक म्हणतात :) जागा रिकामी आहे हे बघणं एक काम, आणि तिथे जाऊन बसणं दुसरं. मधल्या क्षणात तिसराच कोणीतरी बसतो. आम्हा माणिकपूरकरांना, म्हणजे वसई रोडला रोज लोकल पकडणाऱ्यांना, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये ह्या मधल्या क्षणात होणारा घोळ म्हणजे रेस कंडिशन. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये असेल तर प्रकरण गंभीर, कारण कोणाला कशाची परवानगी हे कर्नलच ठरवतो. रोग जुनाच आहे. डाइक्स्ट्राने १९६५ च्या लेखात सेमाफोर मांडला, नाव रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेलं. १९७४ मध्ये आयबीएमच्या मॅकफीने 'तपासायची वेळ' आणि 'वापरायची वेळ' ह्यांच्यातल्या फटीबद्दल लिहून ठेवलं. तरीही लिनक्समध्ये डर्टी काऊ घडलंच.

काऊ म्हणजे गाय नव्हे, कॉपी-ऑन-राइटची आद्याक्षरं. समजा, एक फाइल तुम्हाला फक्त वाचता येते. ती मेमरीत घेऊन तुम्ही त्यात लिहायला गेलात, तर कर्नल तुम्हाला तुमची खाजगी प्रत काढून देतो. त्यात काय हवं ते खरडा, मूळ फाइल सुरक्षित.

आता गंमत बघा. एक थ्रेड सतत लिहायचा प्रयत्न करतो. दुसरा सतत कर्नलला सांगतो, "ही प्रत नको, फेकून दे." कर्नल प्रत काढतो आणि 'लिहायची तपासणी झाली' असं धरून चालतो. नेमक्या त्याच क्षणी दुसरा थ्रेड ती प्रत फेकायला लावतो. कर्नल पान पुन्हा शोधतो, तेव्हा हाती येते मूळ फाइल, आणि लिखाण तिच्यातच होतं! साधा युजर रूटच्या फाइलमध्ये लिहू शकला, की मशीन त्याचंच. योगायोग लाखात एकदा जुळत असेल, पण प्रोग्रॅमला लाख वेळा प्रयत्न करायला कितीसा वेळ लागतो?

ही फट लिनस टोरवाल्ड्सला माहीत होती. २००५ मध्ये त्याने ती बुजवायचा प्रयत्न केला होता. पण आयबीएमच्या एस-३९० मशीनवर अडचणी आल्या आणि तो बदल मागे घेतला गेला. तेव्हा ही रेस निव्वळ कागदावरची वाटत होती. पुढे कर्नलची मेमरी-व्यवस्था सुधारत गेली आणि कागदावरची रेस प्रत्यक्षात जिंकता येऊ लागली. जुलै २००७ च्या २.६.२२ पासून ऑक्टोबर २०१६ पर्यंत फट उघडीच राहिली. फिल ओस्टर ह्या डेव्हलपरने सर्व्हरवर येणारं एचटीटीपी ट्रॅफिक साठवून ठेवलं होतं. त्यात त्याला ह्या फटीचा वापर करणारा प्रोग्रॅम सापडला. म्हणजे चोर आधी पोचला होता, पोलिस नंतर! सीव्हीई-२०१६-५१९५ तो हाच.

दुरुस्ती झाली, पण नोव्हेंबर २०१७ मध्ये कळलं की मेमरीची मोठी पानं वापरली तर त्या दुरुस्तीतूनही वाट निघते. पुन्हा पॅच.

"आपल्याला काय त्याचं, आपण कुठे सर्व्हर चालवतो?" असं वाटत असेल तर थांबा. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच. गूगलने २०१६ संपायच्या आत दुरुस्ती दिली होती. तरी सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रोने झेडनियू नावाचं मालवेअर पकडलं, ते डर्टी काऊ वापरून फोनचा ताबा घ्यायचं. १,२०० हून जास्त ॲप्समध्ये ते लपलेलं होतं, आणि सर्वाधिक बळी चीनमध्ये आणि आपल्या भारतात. कारण सरळ आहे. पॅच गूगलकडे तयार असला, तरी फोन बनवणाऱ्या कंपनीने तो आपल्या मॉडेलसाठी पाठवायला हवा. स्वस्त आणि जुन्या मॉडेलच्या वाट्याला तो बरेचदा येतच नाही.

आपल्या ऑफिसांत एखादा बग पुन्हा घडवून दाखवता आला नाही की तो 'कान्ट रिप्रोड्यूस' म्हणून बंद होतो. टेस्टर दहादा प्रयत्न करतो आणि सोडून देतो. हल्लेखोराला मात्र कुठल्या रिलीजची घाई नसते.

असो. आज एवढं करा, घरात आईबाबांकडे जो जुना फोन दिला असेल, त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन शेवटच्या सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. आणि त्याच फोनवर त्यांचं बँकेचं ॲप आहे का, तेही बघा.