‘स्वयंसेविका’ : एका पदनामाचा इतिहास

स्त्रियांच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेचा इतिहास सामान्यतः संस्था, योजना व उपचारपद्धती यांच्या अनुरोधाने लिहिला जातो. ही सेवा घरोघर पोचविणाऱ्या स्त्रीला कोणत्या नावाने संबोधिले गेले, हा प्रश्न त्यात गौण ठरतो. परंतु त्या नावावरूनच तिच्या कामाचे मोल ठरत आले आहे. म्हणून त्या नावाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्यकार्यास आरंभ केला. बाहेरून आलेल्या परिचारिकांना खेड्यात विश्वास संपादन करता येईना, तेव्हा त्याच गावच्या स्त्रियांना शिकविण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. त्यांतील बहुतेक निरक्षर व अनेक दलित समाजातील होत्या. गरोदर स्त्रीची काळजी, बाळंतपण व बालसंगोपन यांविषयीचे ज्ञान त्यांच्या बोलीतून घरात शिरले.

२ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने ग्रामीण आरोग्य कार्यकर्त्यांची देशव्यापी योजना सुरू केली. तीत बहुसंख्येने पुरुषांचीच निवड झाली, ही तिची मोठी उणीव होय. पण आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे ते तिच्यातील नामांतर. आरंभीचा ‘कार्यकर्ता’ १९८० साली ‘स्वयंसेवक’ झाला आणि १९८१ साली ‘मार्गदर्शक’. काम मात्र तेच राहिले आणि महिना ५० रुपयांचे मानधनही तेच.

हे काम केवळ सद्भावनेचे होते काय? डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक वा लैंगिक आजार आढळले, परंतु पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. ‘अंगावरून जाणे’, ‘पिशवी’ अशा आडवळणाच्या शब्दांनी जे दुखणे बोलले जाते, त्याचा उलगडा करून त्या स्त्रीला तपासणीस राजी करणे हे कौशल्याचे काम आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील प्रयोगाने त्याचा आकड्यांनी प्रत्यय दिला. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये आरंभिलेल्या या प्रयोगात सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश होता. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना गर्भाशयमुखाची अॅसेटिक आम्लाच्या साहाय्याने तपासणी करण्यास शिकविले गेले. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तुलनेसाठी निवडलेल्या गटास तपासणी न दिल्याबद्दल या प्रयोगावर पुढे टीकाही झाली. तथापि स्थानिक स्त्रीच्या कौशल्याविषयीचा त्याचा निष्कर्ष अबाधित आहे.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ‘आशा’ आली. दर हजार वस्तीमागे एक, आणि ती स्त्रीच असावी, हा या योजनेचा दंडक होता. मूळ इंग्रजी नावातील चौथा शब्द ‘ॲक्टिव्हिस्ट’, म्हणजे कार्यकर्ती. महाराष्ट्रात मात्र ‘आशा स्वयंसेविका’ हे पदनाम रूढ झाले. हा भाषांतराचा प्रमाद म्हणता येत नाही. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच तिला मानसेवी स्वयंसेविका म्हटले असून वेतन नाकारले आहे, म्हणजे मराठी नावाने योजनेचा खरा आशयच उघड केला. तिला कामागणिक मोबदला मिळतो. ठराविक रक्कम पुढे जोडण्यात आली. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शनानुसार स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीस स्त्रियांना प्रवृत्त करण्याचे कामही तिच्याकडे आले.

‘स्वयंसेवा’ या शब्दात स्वेच्छा अभिप्रेत आहे. ज्याने स्वेच्छेने काम पत्करले, त्याला ते स्वेच्छेने सोडताही यावे, आणि त्याने संप करण्याचे कारणच उरू नये. पण २०२१ व २०२३ साली महाराष्ट्रातील आशांनी संप केला. त्या संपांनी मोबदल्याचा प्रश्न जसा पुढे आणला, तसाच या शब्दाच्या अर्थाचाही. जे नेमून दिले जाते, ज्याचा हिशेब मागितला जातो आणि जे बंद पडताच व्यवस्था अडते, ते काम होय; आणि ते करणारी स्त्री कामकरी होय. जामखेडच्या निरक्षर स्त्रियांनी जे सिद्ध केले, त्याला योग्य नाव देणे अद्याप बाकी आहे.