वहीपासून फायलीपर्यंत

निसर्गातील घडामोड मोजणे ही एक गोष्ट आणि ते मोजमाप टिकवणे ही अगदी निराळी. पहिलीचा इतिहास आपण कौतुकाने सांगतो. दुसरीचा सहसा कोणी सांगत नाही. आज तोच सांगावयाचा आहे, आणि त्यासाठी फार दूर जावयास नको. मुंबईचा कुलाबा पुरे आहे.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. १८४० नंतर तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे नियमित वेध सुरू झाले. टांगलेला चुंबक, दुर्बिणीतून वाचावयाची मापपट्टी आणि वहीत आकडा लिहिणारा मनुष्य, एवढाच सारा संसार. तासाला एक आकडा. चुंबक अस्वस्थ झाला की पंधरा मिनिटांनी, कधी त्याहूनही लवकर.

इंग्लंडात मात्र त्या मनुष्याला रजा मिळाली होती. चुंबकाच्या आरशावरून परतलेला दिव्याचा किरण घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या नळकांड्यावर पडे, आणि त्यावरील छायाचित्रणाच्या कागदावर रेष आपोआप उमटे. रोनाल्ड्स आणि ब्रुक यांची ही करामत. क्यू वेधशाळेत असे यंत्र होते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी कॅरिंग्टन याला सूर्यावर एक प्रखर ज्वाला दिसली. त्याच क्षणी क्यूच्या रेषेला बारीकसा झटका बसला. तो झोपलेल्या मनुष्याने टिपला नसता, यंत्राने टिपला. पण सुमारे साडेसतरा तासांनी खरे वादळ आले, तारायंत्रे बिघडली, आणि क्यूचा प्रकाशबिंदू चक्क कागदाबाहेर गेला! कागदाबाहेरचे कोण लिहिणार?

कुलाब्याच्या वहीत मात्र २ सप्टेंबरचे आकडे राहिले. त्यांवरून सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण झाल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. एका वहीला जगाने दाद द्यायला दीडशे वर्षांच्या आसपास लागली. तोवर ती जपली गेली, हे लहान काम नव्हे. नानाभाई मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक; त्यांनी १८४६ ते १९०५ या काळातील चुंबकीय नोंदी ग्रंथरूपाने छापून काढल्या. विजेच्या ट्रामगाड्या मुंबईत येणार म्हणून वेध अलिबागेस हलवावे लागले तेही त्यांच्याच कारकिर्दीत. १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदम वेध घेतले, म्हणजे जुन्या आकड्यांचे नव्याशी नाते तुटू नये. ही दूरदृष्टी मला ज्वालेच्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

आता कागद गेला, नळकांडे गेले. आज एखाद्या विद्यार्थ्याच्या टेबलावरही संवेदकाचा विद्युत्‌दाब मायक्रोकंट्रोलर नावाची चिप अंकात बदलते आणि तारेतून एकेक अक्षर संगणकाकडे धाडते. संगणकावरील छोटा प्रोग्राम त्या ओळीपुढे वेळ मांडून ती फायलीत उतरवतो. वेळ संगणकाने घालावयाची, कारण साध्या पाटीवर वीज गेल्यानंतरही चालणारे घड्याळ नसते. ओळ स्मृतीत आली म्हणजे फायलीत गेली असेही नव्हे. ती चकतीवर लिहिण्याआधीच वीज गेली तर वही कोरीच.

आणि क्यूचे ते जुने दुखणेही गेलेले नाही. २००५ साली इटलीत निघालेल्या आर्डुइनोच्या सर्वपरिचित पाटीवर माप ० पासून १०२३ पर्यंतच जाते. दाब त्याहून वाढला तर ती तक्रार करीत नाही. फायलीत ओळीमागून ओळ १०२३, १०२३, १०२३ असे शांतपणे लिहीत राहते.