धोतरा : वाहायचा, खायचा नाही

खुलताबाद म्हटले की औरंगजेबाची कबर आणि सुफी संतांचे दर्गे डोळ्यांसमोर येतात. याच तालुक्यात वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर आहे. महाशिवरात्रीला शंकराच्या पिंडीवर बेलाबरोबर धोतऱ्याचे फूल आणि काटेरी फळही वाहतात. हे झुडूप उकिरड्यावर, रस्त्याकडेला कुठेही उगवते. फळे तोडून आणायला मुलांनाच पिटाळले जाते. म्हणून त्याचा इतिहास शिक्षकांना माहीत असायला हवा.

या प्रथेत एक शहाणपण दडलेले आहे. हे फळ देवाला वाहतात, प्रसाद म्हणून वाटत नाहीत. हलाहल पचवणाऱ्यालाच ते शोभते! वैद्यांनी मात्र धोतरा औषधात वापरला. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर त्याचा उल्लेख आहे. (रेबीजवर त्याचा उपयोग होत नाही, तिथे लसच हवी.) औषधात घालण्यापूर्वी बियांचे ‘शोधन’ करण्याचा दंडक होता. बिया पुरचुंडीत बांधून गाईच्या दुधात लटकत्या ठेवायच्या आणि उकळायच्या. विषाचा काही भाग दुधात उतरतो. हे वैद्यांनी अनुभवातून ओळखले होते. कारण ठाऊक नव्हते.

गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली छापलेल्या ग्रंथात धोतऱ्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही तो उपचार करी. चोर हा पदार्थ अन्नात मिसळून देतात, माणूस भान हरपून हसत सुटतो आणि चोरांचे काम सोपे होते, असे तो सांगतो.

कारण कळायला १८३३ साल उजाडले. त्या वर्षी गायगर आणि हेस्से या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी धोतऱ्याच्या कुळातील वनस्पतींमधून अल्कलॉइडे वेगळी केली. अॅट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही धोतऱ्यातील मुख्य विषे. शरीरात अॅसिटिलकोलीन नावाचे रसायन मज्जातंतूंचा निरोप पोचवते. ही विषे त्याची जागा अडवतात. मग तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, अंग तापते, नाडी धावते, लघवी अडते आणि रोगी नसलेल्या वस्तू हवेत चाचपडू लागतो.

खरी अडचण मात्रेची आहे. एकाच शेताच्या बांधावरील दोन झुडपांत, एकाच झुडपाच्या पानात आणि बीमध्ये, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात विषाचे प्रमाण कित्येक पट बदलते. त्यामुळे ‘इतक्या बिया चालतात’ हे वाक्य कोणी कितीही अनुभवाने सांगितले तरी त्याला आधार नाही.

दक्षिण कॅलिफोर्नियातील आदिवासींत मुलांना वयात येताना धोतऱ्याचा काढा देण्याचा विधी होता. काढा जाणत्यानेच द्यायचा, मांस वर्ज्य करायचे, मुलांवर लक्ष ठेवायचे, असे कडक नियम होते. तरीही मृत्यूच्या नोंदी आहेत. पथ्याने आणि देखरेखीने धोका कमी होतो. बीमधले विष मोजले जात नाही.

आपल्याकडे भांगेत धोतरा मिसळण्याची खोड जुनी आहे. औरंगजेबाने १६५९ मध्ये भांगेच्या लागवडीवर बंदी घातली. भांग काही संपली नाही. १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाने १,१९३ साक्षीदारांची मते घेतली. मर्यादित सेवनाने सहसा मोठा अपाय होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पण त्यात धोतरा मिसळण्याचा धोका साक्षींतून पुढे आला. उत्सवात कोणी पुढे केलेल्या पेल्यात काय आहे, हे पिणाऱ्याला कळत नाही.

वर्गात हे फळ जरूर दाखवा, पण शिक्षकांनीच हाताळा आणि नंतर हात धुवा. मुलाने बिया खाल्ल्याची शंका आली तर ‘लागिर झाले’ म्हणून भगताकडे नेण्यात वेळ दवडू नका. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा, रुग्णालय गाठा आणि फळाचा तुकडा सोबत न्या. या विषाने आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून पोटातल्या बियांतून विष उशिरापर्यंत शोषले जाते. तासाभरात मूल बरे दिसले तरी निर्धास्त राहू नये.

देवाला वाहिलेले फळ कोणी खात नाही, हा नियम आपल्या आजीला माहीत होता. त्याचे कारण आता आपल्याला माहीत आहे. मुलांना दोन्ही सांगूया.